९६ तासांची कसोटी

आमच्या भिवंडीत पावसाळ्याआधीची एक खरेदी ठरलेली असे. मे महिना सरत आला, की खाडीकाठच्या गावांतून कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन मोहल्ल्यात येत. पाटीत सुके बोंबील, मांदेली, वाकट्या आणि जुन्या लुगड्याच्या कापडात बांधलेला जवळा. माझी नानी ओट्यावर बसून मूठभर जवळा तळहातावर पसरायची, नाकाशी न्यायची आणि विचारायची, ‘‘मावशी, यात जवळा किती आणि रेती किती?’’ कोळीण रागावल्यासारखं करायची. पंधरा मिनिटं भाव चालायचा. शेवटी पत्र्याचा डबा भरायचा आणि पावसाळ्याची बेगमी व्हायची. बाहेर धो धो पाऊस, बाजार बंद, घरात भाजी नाही, अशा दिवशी कांदा, हिरवी मिरची आणि आमसूल घालून केलेला जवळा आणि तांदळाची भाकरी, यापुढं मला आजही दुसरं काही सुचत नाही.

आमच्या शेजारी एक चाचा राहायचे. आझमगडकडचे, यंत्रमागावर काम करणारे. नानी त्यांच्याकडे वाटी पाठवायची आणि चाचा हसून ती तशीच परत करायचे. त्याचं कारण मोठं गमतीचं होतं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आम्हाला समुद्रातलं सगळं चालतं. चाचा हनफी. त्यांना पाण्यातला फक्त मासा चालतो. मग झिंगा, कोळंबी, जवळा हे मासे आहेत की नाहीत? यावर मोठमोठ्या विद्वानांनी शतकानुशतकं वाद घातला आहे आणि तो अजून मिटलेला नाही. चाचांच्या घरी मात्र तो मिटला होता : जवळा मासा नाही. पुढं कळलं, की प्राणिशास्त्रही चाचांच्याच बाजूनं आहे. जवळा मासा नव्हेच, तो खेकड्याच्या आणि कोळंबीच्या कुळातला कवचधारी जीव.

आज मला बोलायचं आहे ते या जवळ्यासारख्या बारीक जिवांबद्दल आणि आपल्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात खोदल्या जाणाऱ्या तेलविहिरींबद्दल. मी विज्ञानाचा माणूस नाही. बी. ए. झालो, तेही मराठी घेऊन. कविता लिहितो. समुद्रावरही लिहिल्या आहेत. परवा त्या काढून पाहिल्या, तर त्यांत लाटा आहेत, गलबतं आहेत, चंद्र तर वाजवीपेक्षा जास्तच आहे. समुद्राचा तळ एकदाही नाही. तो माझ्या डोक्यात आणून दिला सातपाटीच्या एका तरुणानं.

पालघर जिल्ह्यातलं सातपाटी म्हणजे पापलेट आणि बोंबलांचं गाव. तिथं एका कविसंमेलनाला गेलो होतो. ज्या घरी उतरलो, तिथली आई सुक्या मासळीचा धंदा करते आणि मुलगा समुद्रातल्या रिगवर कामाला आहे. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. रात्री जेवताना मी सहज विचारलं, ‘‘तुझं काम नेमकं काय?’’ तो म्हणाला, ‘‘काका, मी चिखलावर असतो.’’ मला वाटलं, थट्टा करतोय. पण ते अगदी खरं होतं.

मुंबई हाय हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजवजा रिगला तिथं तेल लागलं. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर. समुद्र तिथं साधारण ७५ मीटर खोल आहे आणि तेलाचा मुख्य थर त्याच्याही खाली, एक किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवर, चुनखडीच्या खडकात. १९७६ मध्ये तेल निघू लागलं. त्यानंतर तिथं आणि हीरा, वसई, पन्ना-मुक्ता या आजूबाजूच्या क्षेत्रांत शेकडो विहिरी खोदल्या गेल्या. आमच्या लहानपणी शाळेच्या भिंतीवर ‘सागर सम्राट’चं चित्र होतं आणि त्याच्याकडे आम्ही अभिमानानं बघत असू. तो अभिमान खोटा नव्हता.

आता हा खडक खोदायचा कसा? लांबच लांब पाइपाच्या टोकाला दातेरी बिट लावतात आणि ती फिरवत खाली नेतात. पण बिट तापते, खडकाचा भुगा तिथंच अडकतो आणि खालचा वायू जोरानं वर उसळू पाहतो. या तिन्हींवर एकच इलाज असतो. पाइपाच्या पोटातून एक दाट चिखल जोरानं खाली सोडायचा. तो बिटच्या भोकांतून बाहेर पडतो आणि पाइपाच्या बाहेरून भुगा घेऊन वर येतो. बिट थंड राहते, भुगा निघतो आणि चिखलाच्या वजनानं वायू दबून राहतो. रिगवर याला सगळे ‘मड’ म्हणतात. वर आल्यावर मड हलत्या चाळणींवरून जातं. चिखल गाळून पुन्हा वापरतात. चाळणीवर राहिलेला खडकाचा भुगा, त्याला चिकटलेल्या चिखलासकट, समुद्रात जातो.

किती जातो? आपण साधा हिशेब करू. सव्वाबारा इंच रुंदीचं भोक एक किलोमीटर खोल नेलं, तर सुमारे ७६ घनमीटर खडक निघतो. वजनात दोनशे टनांच्या जवळपास. म्हणजे आमच्या भिवंडीच्या गोदामांबाहेर उभे असतात तसले दहाबारा ट्रक. हे एका विहिरीच्या एका टप्प्याचं झालं. वरचे टप्पे याहून रुंद असतात आणि एका प्लॅटफॉर्मभोवती विहिरी अनेक असतात.

‘‘आणि त्या चिखलात असतं काय?’’ मी विचारलं. मुलगा सांगू लागला. पाणी असतं. बेंटोनाइट नावाची माती असते, ती आपल्याकडे कच्छमधून येते. वजन आणायला बॅराइट नावाचा दगड दळून घालतात. त्याची मोठी खाण आंध्रात मंगमपेटला आहे. शिवाय वेगवेगळ्या कामांची रसायनं. काही अवघड विहिरींत पाण्याऐवजी तेलाचा किंवा कृत्रिम द्रवाचा चिखल वापरावा लागतो. पूर्वी जगभर डिझेलही सर्रास वापरत.

बॅराइट म्हणजे बेरियम सल्फेट, हे नंतर वाचलं आणि मी चमकलो. माझ्या वडिलांना पोटाचा विकार होता. एक्स-रे काढण्याआधी त्यांना खडूसारखं पांढरं, दाट औषध प्यायला दिलं होतं. ते बेरियम सल्फेटच होतं. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यात शोषलं जात नाही, आल्या वाटेनं निघून जातं. मग जे माझ्या वडिलांनी पेलाभर प्यायलं, ते समुद्रातल्या जिवाला काय करणार?

याचं उत्तर मला पुस्तकाआधी चाचांनी देऊन ठेवलं होतं. कापूस काय विष आहे? आपण तो अंगावर घालतो, जखमेवर ठेवतो, तान्ह्या मुलाच्या दुपट्यात भरतो. पण चाचांनी तीस वर्षं मागांच्या खोलीत त्याचा बारीक पिंजारा छातीत ओढला आणि शेवटची सात-आठ वर्षं रात्रभर खोकत काढली. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ होती. रात्री तो खोकला आमच्याकडे ऐकू यायचा आणि सकाळी चाचा पुन्हा कामावर जायचे. वस्तू विषारी आहे की नाही, एवढंच विचारून भागत नाही. ती कुठल्या आकाराची आहे, कुठल्या अवयवात शिरते आणि किती काळ शिरत राहते, हेही विचारावं लागतं.

शिंपला हा समुद्रातला गाळणारा जीव. दिवसभर पाणी आत घेतो, त्यातलं खाणं गाळून घेतो, पाणी बाहेर सोडतो. त्याचा कल्ला हीच त्याची चाळणी. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मोठ्या शिंपल्यांवर प्रयोग केले. बेंटोनाइट आणि बॅराइट यांची बारीक पूड अगदी थोड्या प्रमाणात, लीटरभर पाण्यात दहा मिलिग्रॅमच्या आसपास, पण दिवसांमागून दिवस पाण्यात ठेवली. शिंपल्यांचं खाणं बिघडलं, अंगाची वाढ खुंटली. दोन्ही पदार्थ रासायनिक दृष्ट्या जवळजवळ निरुपद्रवी. नुसत्या धुळीनं हे झालं.

तळावर पडणाऱ्या भुग्याची गोष्ट आणखी वेगळी. समुद्राचा तळ म्हणजे उजाड वाळू, अशी माझी समजूत होती. तिथल्या ओंजळभर चिखलात गांडुळाच्या नात्यातले किडे असतात, नखाएवढे शिंपले असतात, उडी मारणारे अँफिपॉड नावाचे कवचधारी असतात, सापासारखे हात असलेले नाजूक तारामासे असतात. वर भुग्याचा थर बसला, की त्यांतले काही गुदमरतात. भुग्याबरोबर तेल किंवा कृत्रिम द्रव आला, तर जिवाणू तो खायला धावतात आणि खाता खाता चिखलातला सगळा प्राणवायू संपवतात. मग जे गुदमरले नव्हते, तेही जातात.

नॉर्वेच्या समुद्रात हे सगळ्यात नीट मोजलं गेलं. ओल्सगार्ड आणि ग्रे या दोन संशोधकांनी तिथल्या तेलक्षेत्रांच्या तळाची अनेक वर्षांची नोंद एकत्र मांडून १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. तेलाच्या मडचा भुगा जिथं टाकला होता, तिथं काही वर्षांनी परिणाम दोन ते सहा किलोमीटर अंतरापर्यंत पोहोचलेला दिसला. आणि यात एक फसवी गोष्ट होती. अशा जागी नुसती डोकी मोजली, तर कधी कधी जीव वाढलेले दिसतात. कारण नाजूक जाती निघून जातात आणि घाणीत तगणारे एक-दोन जातींचे किडे अमाप वाढतात. आमच्या कामवारी नदीत रंगाचं पाणी येऊ लागल्यावर तिथं डासांच्या अळ्यांची काही कमतरता राहिली नव्हती, तसंच हे. नॉर्वेनं १९९३ मध्ये असा तेलकट भुगा समुद्रात टाकणं थांबवलं, पुढं त्या समुद्राभोवतीच्या देशांनी मिळून तसाच निर्णय घेतला आणि काही वर्षांत तळ सुधारू लागला, बाधित वर्तुळं आक्रसली. हे मुद्दाम सांगतो. कारण अशा विषयावर बोलणारा माणूस फक्त रडगाणं गातो, असा लोकांचा समज असतो. मोजलं म्हणून कळलं, आणि कळलं म्हणून थांबवता आलं.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे नियम आहे आणि तो कागदावर बराच चांगला आहे. २००५ च्या जुलैची आठवण तुम्हाला असेल. २६ तारखेला आभाळ फाटलं. आमच्या भिवंडीत कामवारीचं पाणी घराघरांत शिरलं, मागांच्या मोटारी बुडाल्या, सुताची बाचकी फुगून वर तरंगू लागली. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, आम्ही अजून गाळ उपसत असताना बातमी आली, की मुंबई हायच्या उत्तर क्षेत्रातला प्लॅटफॉर्म जळाला. एक जहाज वाऱ्या-लाटांत त्याच्या वायुवाहिनीवर आदळलं होतं. २२ माणसं गेली. त्याआधी मे १९९३ मध्ये मुंबई हायहून उरणकडे येणारी तेलवाहिनी फुटली होती आणि हजारो टन तेल समुद्रात पसरलं होतं. अशा घटना वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात आणि यायलाच हव्यात. पण त्या आगीनंतर महिन्याभरानं, ३० ऑगस्ट २००५ ला, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं राजपत्रात एक अधिसूचना काढली. ती तेलविहिरींचा भुगा आणि मड यांची विल्हेवाट कशी लावायची, याबद्दल होती. ती आम्ही कुणी वाचली नाही. आमच्या घरात तेव्हा चिखल होता.

त्या अधिसूचनेत डिझेलच्या मडला बंदी आहे. समुद्रात पाण्याचंच मड वापरायचं, दुसरं वापरायचं तर सरकारला कळवायचं. वाया गेलेलं तेलाचं मड समुद्रात सोडायचं नाही, किनाऱ्यावर आणायचं. भुगा नीट धुऊन, थांबून थांबून, तासाला सरासरी ५० बॅरलच्या हिशेबानं सोडायचा. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत भुगा सोडायचा, तर समुद्रातल्या जिवांना आणि किनाऱ्याला अपाय होणार नाही हे पाहायचं आणि अपाय दिसला, तर तो किनाऱ्यावर आणायचा. बॅराइटमध्ये किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा आणि तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम चालणार नाही. रोज काय टाकलं, त्याची नोंद ठेवायची आणि सहा महिन्यांनी मंत्रालयाला अहवाल द्यायचा. वाचून मला बरं वाटलं. मग मी विषारीपणाच्या कलमापाशी आलो आणि तिथं तो भेटला. मायसिड.

मायसिड हा जवळ्याचा लांबचा, परदेशी नातेवाईक. लांबी सेंटिमीटरभरसुद्धा नाही. अंग काचेसारखं पारदर्शक. मादीच्या पोटाखाली पिशवी असते. तीत ती आपली अंडी आणि पिल्लं सांभाळते, कांगारूसारखी. कसोटीसाठी जी जात वापरतात, ती मूळची अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याची, मेक्सिकोच्या आखाताकडची. त्याच आखातात २०१० च्या एप्रिलमध्ये ‘डीपवॉटर होरायझन’ रिगचा स्फोट झाला आणि ११ कामगार गेले. तर या मायसिडची जेमतेम चार-पाच दिवसांची पिल्लं काचेच्या भांड्यांत घेतात. अमेरिकी पद्धतीत एक भाग मड आणि नऊ भाग समुद्राचं पाणी ढवळून तासभर ठेवतात. जड गाळ खाली बसतो. वरचं गढूळ पाणी घेऊन ते वेगवेगळ्या प्रमाणांत चांगल्या पाण्यात मिसळतात आणि त्यात ही पिल्लं सोडतात. ९६ तास, म्हणजे चार दिवस थांबतात. मग मेलेली मोजतात. ज्या प्रमाणाला निम्मी मरतात, तो आकडा धरतात. आपल्या अधिसूचनेप्रमाणे तो लीटरमागे ३०,००० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे ३० ग्रॅमपेक्षा जास्त असला पाहिजे. त्याच्या आतच निम्मी पिल्लं मेली, तर ते रसायन नापास.

ही कसोटी निरुपयोगी आहे, असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळं जहाल रसायनं बाद झाली, हे मोठं काम आहे. पण पुन्हा एकदा पाहा, ती काय मोजते आणि काय सोडून देते. गाळ खाली बसल्यावर उरलेल्या वरच्या पाण्याची ती परीक्षा आहे. खरा भुगा तर तळावर जातो, आणि तळावर राहणारा जीव परीक्षेत नाही. दुसरं असं, की ती मरण मोजते. चार दिवस जगला, तो पास. त्याची भूक गेली असेल, वाढ थांबली असेल, पुढं मादीच्या पिशवीत दहाऐवजी चारच पिल्लं निघणार असतील, तरी तो पासच. आमचे चाचा या कसोटीला बसले असते, तर तीस वर्षं दर चार दिवसांनी पास झाले असते.

आणि यावर उपाय नाहीत असंही नाही. अमेरिकेतच कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी याच मायसिडवर सात दिवसांची वेगळी कसोटी आहे. तीत वाढ मोजतात, माद्यांची अंडीही मोजतात. २००१ मध्ये तिथं कृत्रिम द्रवाच्या मडसाठी तळातल्या अँफिपॉडवर, चिखलातच ठेवून करायची कसोटी लागू झाली. म्हणजे काय मोजायचं राहून जातं, हे ज्यांनी पहिली कसोटी काढली त्यांनाच उमगलं.

सातपाटीच्या त्या मुलाला मायसिड माहीत होता. ‘‘हो, काका. रसायनाच्या प्रत्येक मालाबरोबर कागद येतो. मायसिड टेस्ट पास.’’ मी विचारलं, ‘‘तू कधी पाहिलास मायसिड?’’ तो हसला. ‘‘फोटोतही नाही.’’ मग जरा थांबून म्हणाला, ‘‘आमच्या जवळ्यासारखाच असतो म्हणतात.’’

इथं एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. जवळा काही मुंबई हायला राहत नाही. तो किनाऱ्याजवळच्या उथळ, गढूळ पाण्यातला जीव. पाण्याचं मड वापरलं, तर परिणाम बहुधा विहिरीभोवती काही शे मीटरपर्यंतच राहतो, असा इतर समुद्रांतला अनुभव आहे. आज डोलीत जवळा कमी येतो, बोंबील कमी येतो, अशी तक्रार मी सातपाटीतही ऐकली. तिची कारणं अनेक आहेत. बारीक आसाचे ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आहेत, शहरांचं मैलापाणी आहे, तापत चाललेला समुद्र आहे, आणि आमच्या भिवंडीतून कामवारीवाटे खाडीत जाणारं रंगाचं पाणी आहे. सगळं खापर तेलविहिरींवर फोडणं मला पटत नाही. फोडायला मला तोंडही नाही. आमच्या मागांना फिरवणाऱ्या विजेत उरणच्या वायू केंद्राचा वाटा होता आणि त्या केंद्राला वायू मिळाला तो याच समुद्रातून. आणि आमच्या मागावर आता निम्मं-अधिक सूत पॉलिएस्टरचं असतं. पॉलिएस्टर म्हणजे दुसरं काय? तेलच. चाचांनी अर्धी हयात कापूस विणला आणि उरलेली समुद्राखालचं तेल विणलं म्हणा ना.

पण मला खटकतं ते वेगळंच. तेलाच्या प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षा वर्तुळ असतं. तिथं मासेमारीच्या होडीला बंदी. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. २००५ च्या आगीनंतर त्यावर कोण वाद घालील? पण म्हणजे ज्या काही शे मीटरांत भुग्याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसायचा, नेमक्या त्याच पाण्यात समुद्र ओळखणारा माणूस जाऊ शकत नाही. तांडेल जाळ्यात काय आलं ते पाहून तळाची नाडी सांगतो. त्याला तिथं प्रवेश नाही. तिथली साक्ष द्यायची कुणी? तर मेक्सिकोच्या आखातातल्या एका परक्या पिल्लानं, काचेच्या भांड्यात, चार दिवस.

आणि गंमत म्हणजे, आपल्या अधिसूचनेतच याची वाट उघडी ठेवलेली आहे. तिथं लिहिलं आहे, की कसोटी मायसिडवर करावी किंवा स्थानिक पातळीवर मिळणाऱ्या संवेदनशील समुद्री जातीवर करावी. ‘किंवा’ हा शब्द मी दोनदा वाचला. ज्यानं तो मसुदा केला, त्याच्या मनात काहीतरी होतं. मग ती स्थानिक जात आपण का निवडू नये? वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. गोव्याला दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अरबी समुद्राचे जाणकार आपल्याकडे आहेत. मुंबई हायच्या ७५ मीटर खोल तळातला एखादा किडा घ्या, एखादा शिंपला घ्या, त्याला गाळात ठेवा, चार दिवसांऐवजी चार आठवडे ठेवा, मेला का एवढंच न पाहता वाढला का, अंडी घातली का, हे पाहा. आणि सहा महिन्यांचा तो अहवाल मराठीत करून सातपाटीच्या, वर्सोव्याच्या, करंजाच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावा. वाचायला माणसं आहेत. पापलेटाचा भाव वाचतात, तसा तोही वाचतील.

सातपाटीहून निघताना मी त्या घरातून किलोभर जवळा घेतला. मावशींनी वजन करून वर एक मूठ घातली. मी त्यांना माझी कल्पना सांगितली : तुमच्या या जवळ्यावर परीक्षा घ्यायची, त्या परदेशी पिल्लाऐवजी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘पन जवला जित्ता ठेवनार कुटं? जाल्यातून वर काढला, की डोल्यादेकत मरतो. त्याला हात लावायचीबी सोय नाय.’’

मुलगा म्हणाला, ‘‘आये, म्हनून तर त्याला संवेदनशील म्हनतात.’’

‘‘ते काय असंल ते,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘पन आदी त्याला सांबालायला शिका म्हनावं तुमच्या साहेबांना.’’ आणि त्यांनी पिशवीला गाठ मारून ती माझ्या हातात दिली.